दुसरी धून घरी परत येते तेव्हा : मोझार्ट, मुंबईचे गोवेकर वादक आणि आपली हिंगोली

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे कुठलं काय काढलं? विषय आहे ‘सोनाटा फॉर्म’. म्हणजे पाश्चात्त्य अभिजात वादनातली एक बांधणी. साधारण अडीचशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाकडे रुजली, वाढली आणि आजही जगभरच्या वाद्यवृंदांत रोज वाजते. हिंगोलीच्या माणसाला तिचं काय? आहे बरंच काही. शेवटपर्यंत थांबा. आज इअरफोन लावूनच ऐका, कारण मध्ये मध्ये मी तुम्हाला एक रचना लावायला सांगणार आहे.

सुरुवात घरापासूनच करू. हिंगोली शहरात फिरताना वस्त्यांची नावं कधी नीट ऐकली आहेत का? पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही सगळी लष्करी नावं आहेत. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. पगार निजामाच्या तिजोरीतून, अधिकारी इंग्रज. तिची एक छावणी हिंगोलीत होती, ती १९०३ पर्यंत टिकली. छावणी गेली, नावं राहिली.

इंग्रजांच्या अशा लष्करी व्यवस्थेतून भारतात एक गोष्ट गावोगाव पोहोचली, ती म्हणजे बँड. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, मोठे-छोटे ड्रम. आज आपल्याकडे वरातीत जो बँड वाजतो, गणवेशासकट, तो त्या लष्करी बँडचाच वारस आहे. म्हणजे वाद्यं आपल्यापर्यंत आली. पण त्या वाद्यांसाठी युरोपात जी लांबलचक रचना लिहिली जायची, तिची बांधणी काही वरातीबरोबर आली नाही. ती दुसऱ्या वाटेने मुंबईपर्यंत आली. त्या वाटेवर आपण नंतर येऊ.

आधी शब्द समजून घेऊ

‘सोनाटा’ हा इटालियन शब्द. अर्थ अगदी सरळ : वाजवलेलं. त्याच्या जोडीला ‘कंटाटा’, म्हणजे गायलेलं. आपण गायन-वादन म्हणतो ना, तशीच ही जोडी. पण ‘सोनाटा’ नावाची रचना वेगळी आणि ‘सोनाटा फॉर्म’ वेगळा. फॉर्म म्हणजे एका भागाची आतली बांधणी. ती सोनाटात सापडते, सिंफनीत सापडते, चार तंतुवाद्यांच्या क्वार्टेटमध्येही सापडते.

ही बांधणी समजायला सगळ्यात सोपी वाट कीर्तनातून जाते. आपला जिल्हा तर नामदेवांचा. नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं. कीर्तनात काय असतं? नारदीय कीर्तन घ्या. पूर्वरंगात बुवा एक पद घेतात आणि विषय मांडतात. उत्तररंगात त्याच विषयाला धरून आख्यान रंगवतात, कुठे कुठे फिरवून आणतात. आणि शेवटी मूळ पदाकडे येतात. पद तेच असतं, पण आता ते वेगळं ऐकू येतं, कारण मध्ये आख्यान ऐकून आपण बदललेले असतो.

सोनाटा फॉर्मचेही ढोबळ तीन टप्पे. पहिला मांडणी : इथे दोन धुना भेटतात. दुसरा फिरस्ती : त्या धुनांचे तुकडे होतात, त्या भलत्याच मुलखात जातात. तिसरा परतणं : दोन्ही धुना पुन्हा येतात. इथपर्यंत कीर्तनासारखंच आहे. फरक पुढे आहे, आणि तो फरक हाच या बांधणीचा जीव आहे.

षड्जच हलतो!

आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की लागला. पेटीवाला विचारतो, “बुवा, पट्टी कुठली?” बुवा सांगतात, “काळी चार.” आणि मग अख्खी रात्र काळी चार. सा हलत नाही. सगळा खेळ त्या स्थिर सा भोवती.

सोनाटा फॉर्ममध्ये सा हलतो. पहिली धून एका पट्टीत, दुसरी धून दुसऱ्या पट्टीत. म्हणजे पहिली धून घर दाखवते आणि दुसरी धून परक्या गावात राहते. दोघींच्या मधलं हे अंतर म्हणजे ताण. रचना पुढे जाते ती हा ताण सोडवायला. आणि नियम असा की परतण्याच्या टप्प्यात दुसऱ्या धुनेने परकं गाव सोडायचं आणि घरच्या पट्टीत यायचं. बघा, नियम एका वाक्यात बसतो. पण ‘घरी यायचं’ याचा अर्थ काय, याच्यावर लोक दोनशे वर्षं भांडत आहेत.

आता उदाहरण. यूट्यूबवर मोझार्टची चाळीसावी सिंफनी शोधा, तिचा पहिला भाग. मोझार्टने आपल्या रचनांची एक वही ठेवली होती, तीत या सिंफनीची नोंद २५ जुलै १७८८ अशी आहे. सुरुवात ऐकली की तुम्ही म्हणाल, अरे, ही तर माहितीये! जुन्या मोबाईलमध्ये ही रिंगटोन असायची. आणि १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटात सलील चौधरींनी तलत महमूद आणि लता मंगेशकरांच्या युगुलगीताची चाल याच धुनेवरून बांधली.

पेटीवर वाजवून बघायचं असेल तर पांढरी पाचला सा धरा. कोमल ध, प, प. पुन्हा कोमल ध, प, प. तिसऱ्यांदा कोमल ध, प, प आणि तिथून थेट उडी, वरच्या सप्तकातल्या कोमल गंधारावर. कोमल ग, कोमल ध, म्हणून आपल्या कानाला किरवाणीची आठवण होते. गंभीर, अस्वस्थ.

आता पुढचं ऐका. मी देतोय त्या वेळा अंदाजे आहेत, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये थोडं पुढेमागे होईल.

साधारण पाऊण-एक मिनिटाला वाद्यवृंद एक क्षण थांबतो. मग दुसरी धून येते. हळू उतरणारी, मऊ, तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यं एकमेकांच्या हातात देत जातात अशी. आता सा कुठे आहे? काळी पाचवर. म्हणजे घरातला जो कोमल गंधार होता, तोच इथे नवा षड्ज झाला! आणि नव्या घरात गंधार शुद्ध. जणू अंधाऱ्या वाड्यातली एक खिडकी उघडली आणि बाहेर वेगळंच गाव दिसलं.

दोन मिनिटांच्या आसपास मांडणी संपते आणि ती पूर्ण पुन्हा वाजते. १७८८ मध्ये रेकॉर्ड नव्हतं, ‘रिवाइंड’ नव्हतं. श्रोत्याला घर आणि परकं गाव दोन्ही पक्कं लक्षात राहावं, हा या पुनरावृत्तीचा एक मोठा फायदा. काही रेकॉर्डिंगमध्ये ती गाळतात, तेव्हा वेळा बदलतील.

चौथ्या मिनिटाला फिरस्ती. पहिली धून येते, पण कुठे? काळी तीनवर. घरच्या पांढऱ्या पाचच्या अगदी खाली, फक्त अर्ध्या स्वराच्या अंतरावर. पेटीवर शेजारची पट्टी, पण नात्याने फार लांबची. ऐकताना पायाखालची जमीन सरकते. मग त्या धुनेचे तुकडे पडत जातात. पूर्ण ओळ, मग अर्धी, मग नुसते तीन स्वर, मग दोन. कीर्तनकार एकाच शब्दावर येऊन घोळवतो ना, तसं.

पाच मिनिटं होऊन गेल्यावर फुंकवाद्यं हळूहळू खाली उतरतात आणि त्यांच्या आड लपत पहिली धून घरच्या पट्टीत येऊन बसलेली असते. दार कधी उघडलं कळतही नाही.

आता खरा प्रश्न

सव्वासहा-साडेसहा मिनिटांना दुसरी धून परत येते. नियमाप्रमाणे तिला घरी यायचंय. पण घर कोमल गंधाराचं. मग संगीतकारापुढे दोन वाटा असतात. एक, सा घरचा घ्या पण गंधार शुद्ध ठेवा. धून घरीही आली आणि तिचा उजेडही टिकला. दुसरी वाट, गंधारही घरचाच, म्हणजे कोमल. धून घरी येते, पण उजेड बाहेर ठेवून.

ही निवड खरी होती, हे मी कशावरून म्हणतो? तीनच वर्षं आधी, १७८५ मध्ये, मोझार्टचा ज्येष्ठ मित्र योझेफ हायडन याने पॅरिससाठी सिंफनी क्रमांक ८३ लिहिली. पट्टी तीच, पांढरी पाच, कोमल गंधाराची. तिची दुसरी धून कोंबडीच्या कॉक-कॉक सारखी असल्याने लोकांनी सिंफनीला ‘कोंबडी’ असंच टोपणनाव दिलं. परतताना हायडनची कोंबडी शुद्ध गंधार घेऊन घरी येते आणि अख्खं घरच उजळून जातं.

मोझार्टने दुसरी वाट घेतली. त्याची मऊ, उजळ धून घरी येते ती कोमल गंधारात. तेच स्वरवाक्य, तोच उतार, तीच वाद्यं. पण आता ती दुःखी आहे. आणि शेवटपर्यंत तशीच राहते.

माझ्या मते या पूर्ण आठ मिनिटांचा अर्थ इथे आहे. रिंगटोनमध्ये नाही. रिंगटोन म्हणजे फक्त घराचं दार. दुसरी धून बाहेर कशी होती आणि घरी आल्यावर तिचं काय झालं, हे पूर्ण ऐकल्याशिवाय कळतच नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी हिंगोलीहून पुण्याला गेलेल्या पोरा-पोरींना मी हे समजावून सांगायची गरज नाही. बाहेर आपण एक असतो, घरी परतलो की घराची पट्टी आपल्याला आपल्यात ओढून घेते. कधी उजेड सोबत येतो, कधी उंबऱ्याबाहेर राहतो.

थांबा, पण हा अर्थ कुणी ठरवला?

इथे इतिहासाचं काम सुरू होतं. एक गंमत सांगतो : मोझार्टला ‘सोनाटा फॉर्म’ हा शब्दच माहीत नव्हता. तो १७९१ मध्ये गेला. त्याच्या काळातले अभ्यासक, उदाहरणार्थ १७९३ मध्ये लिहिणारा हाइनरिख कोख, या बांधणीकडे पट्ट्यांचा प्रवास म्हणून बघत. घरून निघा, दुसऱ्या पट्टीत पोहोचा, मग परत या. धुना किती, त्यांचा स्वभाव काय, यावर त्यांचा भर नव्हता.

दोन धुना, तीन टप्पे, हे जे आपण आज शिकतो, ते एकोणिसाव्या शतकात पक्कं झालं. बर्लिनच्या आडोल्फ बर्नहार्ड मार्क्स याने त्याला हे नाव रूढ करून दिलं. (कार्ल मार्क्स वेगळा बरं का!) १८४५ च्या ग्रंथात याने पहिल्या धुनेला ‘पुरुषी’ आणि दुसरीला ‘स्त्रैण’ म्हटलं. झालं, पुढची शंभर-दीडशे वर्षं ते पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिलं.

आता याचा परिणाम बघा. पहिली धून पुरुष, दुसरी स्त्री, आणि नियम काय? दुसरीने आपली पट्टी सोडून पहिलीच्या घरी यायचं. सासरी गेल्यासारखं! १९९१ मध्ये सुझन मक्लॅरी या अमेरिकन अभ्यासक बाईंनी नेमकं हे पकडलं. त्यांचं म्हणणं असं की अशा गोष्टी सांगत सांगत आपण संगीतात समाजाचे हिशेब भरतो, आणि नंतर ते हिशेब ‘निसर्गनियम’ म्हणून खपवतो. त्यांच्यावर टीकाही खूप झाली. पण ‘घरी परतणं’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, आणि ते घर कुणाचं, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही.

दुसरा सापळा चरित्राचा. १७८८ च्या २९ जूनला मोझार्टची सहा महिन्यांची मुलगी टेरेसिया वारली. पैशाची ओढाताण होती, एका मित्राकडे उसने मागणारी पत्रं आहेत. आणि महिन्याभरात ही सिंफनी. लगेच आपण म्हणतो, बघा, दुःख उतरलं! पण त्याच वहीत पुढची, एकेचाळिसावी सिंफनी १० ऑगस्टची आहे, आणि ती तेजाने, उत्सवाने भरलेली आहे. माणूस तोच, उन्हाळा तोच. म्हणून आयुष्यावरून थेट रचनेचा अर्थ काढायला मी कचरतो. शिवाय रॉबर्ट शूमानसारख्या मोठ्या संगीतकाराला या चाळिसाव्या सिंफनीत दुःख नाही, तर ग्रीक शिल्पासारखा हलका डौल ऐकू आला होता.

मग काय धरायचं? जे कानाने तपासता येतं ते. दुसरी धून आधी शुद्ध गंधारात होती, नंतर कोमल गंधारात आली, हे कुणीही पेटीवर वाजवून बघू शकतो. हायडनने उलट केलं होतं, हेही तपासता येतं. त्या निवडीला शोकांतिका म्हणायचं की शिस्त, ते ज्याने त्याने ठरवावं. पण निवड झाली होती, एवढं नक्की.

मुंबईची वाट

आता मघाशी सोडलेली दुसरी वाट. सलील चौधरींच्या कानावर मोझार्ट लहानपणी पडला, आसामच्या चहाच्या मळ्यांत, वडिलांकडच्या रेकॉर्डमुळे. पण मुंबईच्या स्टुडिओत ते वाजवणारे हात कुठले? त्यांतले कितीतरी गोव्याचे. पोर्तुगीज काळात गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत पोरांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मंडळी कामाच्या शोधात मुंबईला आली. हॉटेलांत वाजवली, सिनेमात वाजवली. १९३५ मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, म्हणजे अभिजात वाद्यवृंदाचं वातावरणही शहरात होतं. सिनेमाचा संगीतकार चाल गाऊन दाखवायचा. ती पन्नास वादकांसाठी कागदावर कोण उतरवणार? सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. पडद्यावर संगीतकाराचं नाव मोठं यायचं. वादकांची नावं बहुतेक वेळा यायचीच नाहीत.

यातले अँथनी गोन्साल्विस आपल्या विषयाला थेट भिडतात. जन्म १९२७, गाव माजोर्डा. व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संयोजक, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांचे शिक्षक. त्यांना नुसतं पाश्चात्त्य वाजवायचं नव्हतं, आणि नुसतं सिनेमातही राहायचं नव्हतं. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात कार्यक्रम झाला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. त्यांच्या रचनांची नावंच बघा : ‘सोनाटिना इंडियाना’, ‘राग सारंगमधला कॉन्चेर्टो’. सोनाटिना म्हणजे छोटा सोनाटा.

हे किती अवघड आहे, ते आता तुम्हाला कळेल. रागाचा प्राण स्थिर सा. सोनाटा फॉर्मचा प्राण हलणारा सा. समजा भूप घेतला आणि सोनाटासारखं दुसऱ्या पट्टीत जायचं ठरवलं. भूपचेच पाच स्वर ठेवून गंधाराला षड्ज मानलं तर तिथे भूप उरत नाही, मालकंस होतो! आपले गायक मूर्च्छना म्हणून हे करून दाखवतात. उलट भूपच नव्या षड्जावर उचलून ठेवला, तर जुन्या घरात नसलेले स्वर आत येतात. म्हणजे राग सांभाळला तर प्रवास जातो, प्रवास सांभाळला तर राग जातो. ‘सोनाटिना इंडियाना’ या दोन शब्दांत हा सगळा पेच आहे. चर्चच्या अंगणात सुरांची बाराखडी शिकलेला माणूस मुंबईत बसून विचारत होता की या दोन घरांना एक उंबरा देता येईल का.

त्या काळात या प्रयोगाला टिकेल असा आधार मिळाला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. नंतर परतले ते माजोर्ड्याला, आणि २०१२ मध्ये वारले. १९७७ मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’च्या एका गाण्यात आपल्या गुरूचं नाव देशभर नेलं. ते गाणं आपण सगळ्यांनी गायलंय. त्यातला माणूस खरा होता, हे किती जणांना माहीत आहे?

औंढ्याची गोष्ट

जाता जाता एक गोष्ट, आपल्याच जिल्ह्यातली. औंढा नागनाथला आख्यायिका सांगतात की नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागे जा म्हणाले. ते मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण सोनाटा फॉर्मच्या शेजारी ती ठेवली की एक फरक दिसतो. सोनाटात घर कधीच फिरत नाही. बाहेरच्याने आपली पट्टी सोडून यायचं. औंढ्याच्या गोष्टीत गाणारा मागेच राहतो, आपलं गाणं बदलत नाही, घर त्याच्याकडे वळतं. परतण्याचे हे दोन वेगळे विचार आहेत, आणि पडद्यामागे बसलेल्या त्या वादकांच्या बाबतीत मला दुसरा जास्त पटतो. आपण तिकडे तोंड करायला हवं.

तर गृहपाठ. फोन सायलेंटवर टाका, मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा पहिला भाग पूर्ण आठ मिनिटं ऐका. मध्ये स्क्रोल करायचं नाही. पहिल्या मिनिटाला दुसरी धून ओळखा, सव्वासहा मिनिटांनंतर तिची वाट बघा. मग लगेच हायडनची ‘कोंबडी’ लावा आणि तिची दुसरी धून घरी कशी येते ते ऐका. घरात पेटी असेल तर दोन्ही गंधार वाजवून बघा. आणि तुम्हाला कुठलं परतणं खरं वाटलं, ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, राम कृष्ण हरी!